परवडणारा ऑल-टेरेन इलेक्ट्रिक स्केटबोर्ड: आपल्या बेळगाव भागातल्या पाणंदीसाठी कुठला घ्यावा?

पाणंदवाला

नमस्कार मंडळी. मी उचगावच्या बाजूचा. घरापासून शेतापर्यंत आमची पाणंद आहे. निम्मी मुरमाची, पुढं नुसती लाल माती, मधे एक बऱ्यापैकी चढ आणि मार्कंडेयच्या अंगाला थोडा वाळूचा पट्टा. जाऊन-येऊन सात-आठ किलोमीटर होतात. ह्या वाटेवर मला ऑल-टेरेन इलेक्ट्रिक स्केटबोर्ड चालवायचा आहे. शाळेत असताना रोलर स्केटिंग केलंय, त्यामुळं तोल सांभाळता येतो. वजन ७८ किलो. बजेट ७० हजार, ओढूनताणून थोडं वर.

डोळ्यासमोर तीन पर्याय आहेत. पहिला ४० हजारांच्या आसपासचा, चाकातच मोटर असलेला. चाकं १०५ मिलिमीटरची, पण जाहिरातीत 'ऑल-टेरेन' लिहिलंय. दुसरा बाहेरून मागवायचा बेल्टवाला, हवेच्या टायरचा. तिसरा म्हणजे बेंगळुरूकडचा एखादा वापरलेला. कुणी चालवला असेल तर सांगा. वेग मला फार नको, पण चढावर बोर्डानं दम टाकता कामा नये.

शहापूरकर

पहिला पर्याय डोक्यातून काढून टाका. १०५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम चार इंच. डांबरावर ती चाकं झकास पळतात, खडबडीत काँक्रीटवरही चालतात. पण मुरमात लिंबाएवढा खडा आडवा आला की एवढं चाक त्याच्यावर चढत नाही, अडतं. बोर्ड जागेवर थांबतो आणि माणूस पुढं जातो. जाहिरातीतला शब्द बघू नका, चाकाचा व्यास बघा. आपल्या पाणंदीला कमीत कमी सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटरचा हवेचा टायर पाहिजे.

दुसरी गोष्ट चढाची. चाकातल्या मोटरला गिअरिंग नसतं. मोटर एकदा फिरली की चाक एकदा फिरतं. बेल्टच्या बोर्डात मोटरवर १५ दात्यांची लहान पुली आणि चाकाला साठ-सत्तर दात्यांची मोठी असते, त्यामुळं तेवढ्याच मोटरचा जोर चाकाशी चौपटीनं मिळतो. लाल मातीत ७८ किलो घेऊन चढायचं तर हा जोरच कामाला येतो. ताशी ४५ किलोमीटर वेग लिहिलाय म्हणून हुरळून जाऊ नका. पाणंदीवर वीसच्या वर कुणी शहाणा माणूस जात नाही.

निपाणीकर

शहापूरकरांशी सहमत. बाजाराचं चित्र थोडक्यात सांगतो.

मीपो, वॉवगो, बॅकफायर, एक्सवे ह्या चिनी कंपन्या. परवडणाऱ्या गटातले बहुतेक बोर्ड ह्यांचेच. इव्हॉल्व्ह ऑस्ट्रेलियाची, माल चांगला पण आपल्या बजेटच्या बाहेर. ट्रॅम्पा इंग्लंडची आणि एमबीएस अमेरिकेची, ही मूळ माउंटन बोर्डवाली मंडळी. त्यांचे ट्रक (फळीखाली चाकं धरणारे आडवे दांडे) आणि हब (चाकाचा मधला भाग) दणकट असतात, बरेच हौशी लोक त्यांच्यावर स्वतःच्या मोटरी बसवतात.

आता पैशाचं. हवेच्या टायरचा साधारण बरा चिनी बोर्ड ८०० डॉलरच्या आसपास धरा. डॉलरला ८५ ते ९० रुपये धरले तर तुमचे ७० हजार तिथंच संपले. त्यावर कस्टम ड्यूटी, त्या सगळ्यावर जीएसटी, वर कुरिअरवाल्याचे पैसे. म्हणजे दारात येईपर्यंत लाखाच्या पुढं जाणार. नवा बोर्ड ७० हजारांत बसवायचा झाला तर बॅटरी तरी लहान घ्यावी लागेल नाहीतर चाक तरी. म्हणून मी म्हणेन, वापरलेला बघा.

पाणंदवाला

मामा दुबईला असतात, पुढच्या महिन्यात येतायत. त्यांच्या सामानातून आणला तर? निदान कुरिअरचे पैसे वाचतील.

शहापूरकर

नाही, तसं जमणार नाही. विमानात लिथियम बॅटरीला वॉट-तासांची मर्यादा असते. १०० पर्यंत चालते, १०० ते १६० ला विमान कंपनीची परवानगी लागते, त्याच्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. हातातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. ऑल-टेरेन बोर्डाची बॅटरी ३०० ते ७०० वॉट-तासांची असते. मामांना विमानतळावर बॅटरी सोडून यावं लागेल, आणि बॅटरीशिवाय बोर्ड म्हणजे पंधरा किलोची फळी.

वॉट-तास काढायचा हिशेब सोपा आहे, व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. कुठलाही बोर्ड बघताना आधी हाच आकडा काढा, कंपनीनं लिहिलेले किलोमीटर बाजूला ठेवा. हवेच्या टायरवर कच्च्या वाटेला किलोमीटरमागं २० ते २५ वॉट-तास जातात. ३६ व्होल्ट, साडेसात अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे २७०. ती १२ किलोमीटरला आटपली. तुमची फेरी आठ किलोमीटरची, वर चढ, वर वाळू. पहिल्या वर्षी भागेल, पुढं बॅटरी जुनी होत जाईल तसं कमी पडेल. ४३ व्होल्ट, १२ अँपिअर-तासाची असली तर पाचशेच्या वर जाते, ती घेऊन निवांत जाऊन येता येतं.

उद्यमबाग_लेथ

भावा, मी उद्यमबागेत लेथवर असतो. बोर्ड कधी चालवला नाही, पण दोघा-तिघांच्या बोर्डांचं काम करून दिलंय, तेवढ्यावरून सांगतो.

बेल्टवाला घ्यायचा तर आधी बेल्टवरचा नंबर बघ. बहुतेक बोर्डांना ५एम लागतो, म्हणजे दोन दात्यांत पाच मिलिमीटर अंतर. त्याच्या आधी लांबी आणि नंतर रुंदी लिहिलेली असतीय. असला बेल्ट शिलाई मशीनपासून पॅकिंग मशीनपर्यंत सगळीकडं वापरात हाय, त्यामुळं नंबर असला की इंडस्ट्रियल बेल्टच्या दुकानातनं मागवता येतोय. कंपनीकडनंच घ्यायला पाहिजे असं काय नाही. बेअरिंगचं पण तसंच. काही हबमध्ये ६०८ असतंय, काहीत १२ मिलिमीटरच्या अॅक्सलचं ६००१. दोन्ही कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. पुली झिजली तर नमुना आण, ॲल्युमिनियमात करून देणारे इथं हाईत.

गिअर ड्राइव्हवाले, म्हणजे बेल्टऐवजी गिअरनं चाक फिरवणारे बोर्ड बंद पेटीचे असतात, धूळ जात नाही, खरं आहे. पण आतला दाता मोडला तर तो जोडायला तसलाच गिअर बाहेरनं येऊस्तोवर बोर्ड घरात पडून राहतोय. बेल्ट तुटला तर दहा मिनिटांचं काम. आपल्या भागात जे इथं दुरुस्त होतंय ते घ्यावं, असं माझं मत.

माझ्याकडं आलेल्या एका बोर्डाचं सांगतो. मालक म्हणत होता, मोटर गेली, कर्रकर्र आवाज करतीय. मोटरला काय पण झालं नव्हतं. मोठ्या पुलीच्या दोन दात्यांच्या मधे लाल जांभ्याची बारीक खडी घट्ट रुतून बसलेली. प्रत्येक फेरीला बेल्टचा तोच दाता तिच्यावर आपटायचा. बेल्ट उलटा करून बघितला तर एकाच जागी तीन दाते खाऊन दोरे बाहेर आलेले. जुन्या टूथब्रशनं आणि दाभणानं पुली साफ केली, नवा बेल्ट घातला, आवाज गेला. म्हणून दर फेरीनंतर पुलीवरनं ब्रश फिरवायचा आणि पुढनं पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं गार्ड लावून घ्यायचं.

काळी_माती

मी अथणीकडचा. शहापूरकर सहा इंच म्हणतात ते मुरमाला ठीक आहे, पण आमच्याकडं काळी जमीन. उन्हाळ्यात भेगा पडतात, ढेकळं होतात, आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या वाळून दगडासारख्या कडक होतात. तिथं आठ इंचाशिवाय भागत नाही. सहा इंच त्या भेगेत बसतं. घ्यायचा तर सरळ आठ इंचाचा घ्या, कुठंही चालेल.

शहापूरकर

तुमच्या जमिनीला आठच बरोबर. पण पाणंदवाल्यांना मी तो सुचवणार नाही. पुली तीच ठेवून सहा इंचाच्या जागी आठ इंचाचा टायर लावला की वेग तिसऱ्या हिश्श्यानं वाढतो आणि चढावरचा जोर चौथ्या हिश्श्यानं खाली येतो. मोटर आणि कंट्रोलर (मोटरला वीज कमी-जास्त सोडणारं सर्किट) जास्त तापतात, बॅटरी लवकर उतरते. शिवाय फळी जमिनीपासून उंच जाते, नवख्या माणसाला वळणावर ते जाणवतं. लाल माती आणि मुरूम असेल तर सात इंच मला मधला मार्ग वाटतो. खडा गिळतो आणि जोरही राहतो.

हवा किती भरायची ह्यावरही बरंच अवलंबून आहे. ७८ किलोला मुरमावर ३५ पीएसआयच्या आसपास ठेवा, वाळूच्या पट्ट्यात पंचविसापर्यंत उतरवा. एकदम घट्ट भरली तर प्रत्येक खडा गुडघ्यापर्यंत पोचतो.

खानापूरकर

टायरचा विषय निघालाय म्हणून सांगतो. आपल्याकडं खड्यांपेक्षा बाभळीच्या काट्यांचा त्रास जास्त. ट्यूबमध्ये सीलंट घालून ठेवा, बारीक काटा तिथल्या तिथं बुजतो. पंक्चर काढायला सायकलच्या दुकानातलं पॅच आणि सोल्युशन चालतं. फक्त एक लक्षात ठेवा. ह्या बोर्डांचे रिम दोन भागांचे, बोल्टनं जोडलेले असतात. बोल्ट सोडायच्या आधी हवा पूर्ण काढायची. हवा असताना बोल्ट सोडला तर रिमचे दोन भाग उडून तोंडावर येऊ शकतात. पंक्चरवाल्यानं असला रिम कधी बघितलेला नसतो, त्याला आधी सांगा.

आणि माझा एक प्रश्न आहे. खानापूर-जांबोटी रस्त्यावर सकाळी गर्दी नसते. तिथं चालवला तर कोण अडवणार?

निपाणीकर

खानापूरकर, कोण अडवणार हे सोडा, अपघात झाला तर काय ते बघा. केंद्रीय मोटर वाहन नियम १९८९ मध्ये बॅटरीच्या गाडीला नोंदणीतून सूट आहे ती २५० वॉटच्या आतल्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या दुचाकीला. हे बोर्ड हजार-दोन हजार वॉटचे. त्यांची ना नोंदणी होते, ना विमा निघतो. समोरच्याला लागलं तर सगळं तुमच्या अंगावर. आणि त्या रस्त्यावर चोर्ला घाटाकडं जाणाऱ्या गोव्याच्या गाड्या असतात, वळणावर त्यांना तुम्ही दिसणारच नाही. स्वतःचं शेत, पाणंद, मालकाला विचारून एखादं माळरान. एवढ्यातच ठेवा.

रिंकवरची

बेळगावात लहान मुलांना स्केटिंग शिकवते. बेळगावात रोलर स्केटिंग घरोघरी पोचलंय, ह्याचा मला अभिमान आहे. पण पाणंदवाला दादा, रोलर स्केट आलं म्हणून बोर्ड येतो असं धरून चालू नका. स्केटमध्ये दोन्ही पाय मोकळे असतात, पडताना पाय टाकून सावरता येतं. बोर्डावर आडवं उभं राहायचं, आणि थांबणं पायात नाही, अंगठ्यात असतं. रिमोटचं चाक मागं ओढायचं. घाबरलेला माणूस ते झटक्यात ओढतो आणि पुढं फेकला जातो. आधी साधा लाँगबोर्ड, म्हणजे बिनमोटरचा लांब स्केटबोर्ड घेऊन सपाट जागी वळणं शिका. मग मोटरवाला, तोही सगळ्यात कमी वेगाच्या मोडवर. ब्रेक लागायच्या आधी गुडघे वाकवून वजन मागच्या पायावर न्यायचं, हे अंगवळणी पडू द्या. पायाला बाइंडिंग (पाय फळीला धरून ठेवणारे पट्टे) सुरुवातीला लावू नका, उडी मारून उतरता आलं पाहिजे.

ब्रेकची एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, ती मी कळकळीनं सांगते. ह्या बोर्डांना वेगळा ब्रेक नसतो. मोटरच उलटी काम करते आणि तयार झालेली वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असली तर त्या विजेला जागा नसते. मग कंट्रोलर बॅटरी वाचवायला ब्रेक सोडतो. घर टेकावर असेल, रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी निघाल्या निघाल्या उतार असेल, तर नेमका तिथंच ब्रेक जातो. राजहंसगडाच्या पायथ्यापासून वर गेलात तर चढताना बॅटरी उतरलेली असते, येताना अडचण येत नाही. वर चार्ज करून खाली निघालात तर येते. दादा, तुमच्या पाणंदीचा चढ जाताना आहे की येताना?

आणि बजेटमधले सहा-सात हजार आधीच बाजूला काढा. तोंड झाकणारं हेल्मेट, मनगटाचे गार्ड, गुडघे, कोपर. पडताना हात पुढं जातोच, आणि मनगट पहिल्यांदा मोडतं. बोर्ड दहा हजारांनी साधा घेतला तरी चालेल, ह्यात काटकसर करू नका.

पाणंदवाला

ताई, घर वरच्या अंगाला आहे. म्हणजे निघताना उतार आणि येताना चढ. तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं, हे माझ्या ध्यानातच आलं नसतं.

रिंकवरची

मग ८०-८५ टक्क्यांवर चार्जर काढायचा. एवढ्या बॅटरीत तुमची फेरी आरामात होते. ह्यासाठीच बॅटरी मोठी घ्यायची, लांब जायला नव्हे.

काळी_माती

पावसाळ्याचं काय? बऱ्याच बोर्डांवर आयपी५५ लिहिलेलं असतं.

शहापूरकर

आयपी५५ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि कुठल्याही बाजूनं येणारी पाण्याची धार सोसणं, तेही नवा असताना, प्रयोगशाळेत. त्याचा अर्थ ओढ्यातून न्यायला मोकळीक असा नाही, आणि सर्व्हिसिंगच्या प्रेशरनं धुवायचाही नाही. वापरलेल्या बोर्डाची बॅटरीची पेटी एकदा उघडली गेली असेल तर तो आकडा विसरून जा.

आणि बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेला जून ते सप्टेंबर लाल मातीचा नुसता राडा असतो. टायरच्या खाचा भरून येतात, पकड राहत नाही, बेल्टवर चिखल चढतो. मी म्हणेन, पावसाळाभर बोर्ड ठेवून द्या. बॅटरी पूर्ण भरूनही ठेवायची नाही आणि पूर्ण उतरवूनही नाही. बारा सेलच्या ओळीची असेल तर ४५-४६ व्होल्टवर ठेवायची, महिन्यातून एकदा मीटर लावून बघायचं. ओलसर भिंतीला टेकवून नको, माळ्यावर सरपणाजवळ तर अजिबात नको.

पाणंदवाला

बेंगळुरूचा एक वापरलेला मिळतोय. बेल्ट ड्राइव्ह, सात इंच हवेचे टायर, ४३ व्होल्ट, १२ अँपिअर-तास. ६२ हजार म्हणतोय. चुलतभाऊ गाडी घेऊन तिकडं चाललाय, त्याच्याबरोबर जाऊन बघून येईन म्हणतो. काय काय बघू?

शहापूरकर

मल्टिमीटर घेऊन जा. ह्या बॅटरीत बारा सेल ओळीत असणार. पूर्ण भरल्यावर ५०.४ व्होल्टच्या जवळ दिसायला पाहिजे. ४९ च्या खाली अडकत असेल तर एखादा सेल मागं पडलाय. मग निम्मी उतरवून चढावर न्या. जोर मागताना दोन-तीन व्होल्ट खाली येणं चालतं. सहा-सात व्होल्ट पडत असतील तर बॅटरी थकलीय, नवीन पॅकचे पैसे किमतीतून वजा केल्याशिवाय घेऊ नका.

बोर्ड उलटा करून चाकं फिरत ठेवा आणि रिमोट बंद करा. मोटरी लगेच सुटल्या पाहिजेत. त्या फिरतच राहिल्या तर सौदा तिथंच थांबवा. फळीला ट्रकच्या बोल्टांभोवती बारीक चीर आहे का ते नखानं चाचपून बघा. पेटीच्या कडेचं रबर फुगलंय का, स्क्रूच्या डोक्यावर गंज आहे का, ते सांगतं की पाण्यात गेलाय का. आणि चार्जर मूळचाच पाहिजे. ३६ व्होल्टच्या बॅटरीचा चार्जर ४२ व्होल्टचा आणि ह्या ४३ व्होल्टवालीचा ५०.४ व्होल्टचा असतो, टोक सारखं दिसतं म्हणून कुठलाही लावायचा नाही.

निपाणीकर

सौदा फिसकटला आणि कुणी स्वतः जुळवायला सुचवलं तर एक सांगून ठेवतो. व्हेस्क नावाचा कंट्रोलर स्वीडनच्या बेंजामिन वेडरनं केलेला, त्याचं डिझाइन सगळ्यांना खुलं आहे. त्याच्यावर हवा तसा बोर्ड बांधता येतो, ब्रेकचा जोरसुद्धा स्वतः ठरवता येतो. मजा येते, पण वेळ खातं आणि शेवटी तयार बोर्डापेक्षा स्वस्त पडत नाही. पहिलाच बोर्ड असेल तर तयार घ्या.

उद्यमबाग_लेथ

आणि जुळवायचाच झाला तर बॅटरी पॅक घरी डाग मारून करायचा नाही. मोटरचं माउंट, पुली, गार्ड काय पाहिजे ते मी करतो. बॅटरीला मी हात लावत नाही, तू पण लावू नको. ज्याचा रोजचा धंदा तोच हाय त्याच्याकडनंच करून घे.

पाणंदवाला

बघून आलो आणि घेऊनही आलो. भरल्यावर ५०.१ व्होल्ट दिसले, त्याच्या सोसायटीच्या रॅम्पवर तीनच्या आत पडले. रिमोट बंद केल्यावर मोटरी सुटल्या. फळी स्वच्छ आहे. पण दोन्ही बेल्टच्या कडा विसकटल्यात आणि एका ट्यूबला दोन पॅच आहेत. ते दाखवून ५७ हजारांवर आणला. उरलेल्यातून हेल्मेट आणि गार्ड घेतो. ताई, लाँगबोर्ड कुणाचा आठवडाभर मिळेल का? तोवर मोटरवाला नुसता उभा ठेवणार आहे.

लेथवाल्या दादा, बेल्टवर २८५-५एम-१५ लिहिलंय.

रिंकवरची

माझ्याकडं एक पडून आहे, घेऊन जा. मुलांचा वर्ग सुटल्यावर या, रिंक तेव्हा मोकळी असते.

उद्यमबाग_लेथ

२८५ लांबी, १५ रुंदी. दोन नको, चार मागव. जुने पण टाकू नको, घेऊन ये, नव्यांशी ताण जुळवून बघायला लागतंय. बोटानं दाबल्यावर बेल्ट मधे थोडा दबला पाहिजे, तारेसारखा ताणला तर बेअरिंग खातोय. बोर्ड आणशील तेव्हा मोठ्या पुलीच्या बाहेरच्या कडेपासनं टायरपर्यंत किती जागा हाय ते मोजून आण. पाच मिलिमीटर जरी असली तरी गार्ड बसतंय.